एक्सएमएलमधली अवैध अक्षरं: एक्सएमएलचार्स लायब्ररी वापरण्याचा बरोबर क्रम

एक्सएमएलची, म्हणजे टॅगांमध्ये माहिती साठवणारी, फाईल तयार होते, आकार ठीक दिसतो, एडिटरमध्ये उघडते. पुढच्या यंत्रणेत गेली की पार्सर (फाईल वाचून तिची रचना उलगडणारा प्रोग्राम) ‘अवैध अक्षर’ म्हणतो आणि सगळी फाईल नाकारतो. अक्षर एकच असतं, बहुतेक वेळा न दिसणारं. एक्सएमएलमध्ये अशी चूक माफ नसते, आणि माफ करणारा पार्सर शोधण्यात अर्थही नाही. अक्षरं आपणच आधी तपासायची.

जावास्क्रिप्टमध्ये यासाठी एक्सएमएलचार्स नावाची छोटी लायब्ररी आहे. कोणतं अक्षर एक्सएमएलच्या मानकानुसार कुठे चालतं, एवढंच ती सांगते. काम इतकं मर्यादित असूनही लोक ती वापरताना त्याच त्या चुका करतात, आणि बहुतेक चुका लायब्ररीच्या बाहेर होतात: तपासणी चुकीच्या जागी केली जाते, चुकीच्या आवृत्तीवर केली जाते, किंवा आकड्याऐवजी अक्षर दिलं जातं. म्हणून खाली क्रमावर भर दिला आहे. पायऱ्या याच क्रमाने करा.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत येतात. अक्षरांचे कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमधले त्यांचे क्रमांक, दशमान पद्धतीने दिले आहेत. युनिकोडच्या तक्त्यात हेच आकडे हेक्समध्ये असतात, तेव्हा तुलना करताना रूपांतर करून घ्या.

## तयारी: समोरचा पार्सर कोणता नियम पाळतो?

कोड लिहिण्याआधी हा प्रश्न सोडवा. फाईल कोण वाचणार आहे? ब्राउझर, जावाचा सर्व्हर, डॉटनेटवरची जुनी प्रणाली, ई-पुस्तकाचा वाचक? एक्सएमएल १.० च्या दोन आवृत्त्या आजही व्यवहारात आहेत: २००६ ची चौथी आणि २००८ ची पाचवी. मजकुरात कोणती अक्षरं चालतात याबाबत दोघींत फरक नाही. एलिमेंट (टॅगने बांधलेला भाग) आणि ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहिलेला गुणधर्म) यांच्या नावांबाबत मात्र मोठा फरक आहे, आणि मराठीत नावं ठेवणाऱ्याला तो हमखास नडतो. नावांच्या पायरीवर त्याकडे सविस्तर येऊ.

डॉटनेटमधल्या नाव तपासणाऱ्या पद्धती चौथ्या आवृत्तीप्रमाणे चालतात. एक्सपॅट हा पार्सर वर्षानुवर्षे स्वतःला चौथ्या आवृत्तीचा म्हणवत आला आहे, आणि पायथनचा नेहमीचा एक्सएमएल वाचक त्याच्यावर उभा आहे. लिबएक्सएमएल-२ हा पार्सर पाचवी आवृत्ती पाळतो. समोरच्याबद्दल खात्री नसेल तर नावांसाठी चौथी आवृत्ती धरा, कारण ती जास्त कडक आहे.

एक्सएमएलचार्समध्ये प्रत्येक मानकाचं मॉड्यूल वेगळं आहे: एक्सएमएल १.० ची चौथी आवृत्ती, १.० ची पाचवी, १.१ ची दुसरी, आणि नेमस्पेससाठी (उपसर्ग लावून नावं वेगळी ठेवण्याची सोय) १.० ची तिसरी. हवं तेच मॉड्यूल आयात करा. प्रत्येकात सारख्याच गोष्टी असतील असं समजू नका. मॉड्यूलच्या शेजारी टाइप्सची फाईल असते, ती उघडून निर्यात केलेली नावं एकदा वाचून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

सावधान: अवैध अक्षर येतंय म्हणून फाईलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती १.१ लिहून सुटका करून घेऊ नका. १.१ मध्ये १ ते ३१ मधली अक्षरं आकडी संदर्भाने (अक्षराऐवजी अँपरसँड, हॅश, त्याचा आकडा आणि अर्धविराम) लिहिता येतात हे खरं आहे (शून्य तिथेही चालत नाही), पण कितीतरी पार्सर १.० च्या पुढे जातच नाहीत. समोरच्याने १.१ स्पष्टपणे मागितलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

## १. आधी बाइट्स नीट उलगडा

तपासणी अक्षरांची असते, बाइट्सची नाही. बाइट्स चुकीच्या एन्कोडिंगने वाचले असतील तर पुढची प्रत्येक पायरी फोल आहे.

इथली सगळ्यात मोठी फसगत ६५५३३ या अक्षराची. चौकटीतलं प्रश्नचिन्ह म्हणून ते ओळखीचं आहे. तुटका यूटीएफ-८ वाचताना डीकोडर गुपचूप हेच अक्षर घालतो, आणि एक्सएमएलच्या दृष्टीने ते पूर्ण वैध आहे. म्हणजे मजकूर फाटलेला असूनही तपासणी हिरवा कंदील दाखवते. त्यावर उपाय सोपा आहे: टेक्स्टडीकोडर तयार करताना ‘फेटल’ हा पर्याय चालू ठेवा. मग तुटक्या बाइटवर तो तिथेच चूक फेकतो.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर असेल तर आणखी जपा. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर आतून रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतो. तीही एक्सएमएलला चालतात. रूपांतर न झालेली शंभर पानं या तपासणीतून विनातक्रार निघून जातील.

पडताळा: उलगडलेल्या मजकुरात ६५५३३ किती वेळा येतं ते मोजा. शून्यापेक्षा जास्त आलं तर मुळाकडे जा, पुढे जाऊ नका.

## २. अक्षर नव्हे, आकडा द्या

लायब्ररीतलं इजचार हे फंक्शन कोड पॉइंटचा आकडा घेतं. ‘क’ हे अक्षर नाही, २३२५ हा आकडा. पुष्कळजण त्याला एका अक्षराची स्ट्रिंग देतात. मग आतली तुलना जुळत नाही आणि चांगल्या अक्षरालाही नकार मिळतो. साधा सरळ मजकूर सगळाच अवैध ठरत असेल तर आधी हीच चूक शोधा. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर ती लिहितानाच पकडली जाते.

दुसरी चूक जास्त लबाड आहे: आकडा काढायला जावास्क्रिप्टचं चारकोडॲट वापरणं. जावास्क्रिप्टची स्ट्रिंग १६ बिटांच्या तुकड्यांची असते. ६५५३५ च्या पुढचं प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत, म्हणजे सरोगेट जोडीत, साठवलेलं असतं. हसऱ्या चेहऱ्याचा १२८५१२ हा इमोजी घ्या. चारकोडॲट त्याचे ५५३५७ आणि ५६८३२ असे दोन तुकडे देतं, आणि दोन्ही एकेकटे अवैध. देवनागरी २३०४ ते २४३१ या पट्ट्यात बसते, त्यामुळे मराठी मजकुरावर चाचणी करताना ही चूक दिसतच नाही. पहिला इमोजी आला की दिसते.

म्हणून कोडपॉइंटॲट वापरा. लूपमध्ये आकडा ६५५३५ पेक्षा मोठा आला तर दोन पावलं पुढे जा, नाहीतर एक. फॉर-ऑफ लूप वापरलात तर तो जोडी स्वतःच जपतो. हाती आलेल्या तुकड्यावर कोडपॉइंटॲट लावून आकडा काढा.

जोडी मुळातच तुटलेली असेल, तर कोडपॉइंटॲट ५५२९६ ते ५७३४३ मधला आकडा देतं आणि इजचार तो नाकारतं. हे बरोबरच आहे. अशा तुटक्या जोड्या बहुधा आपल्याच कोडमधून येतात: सारांश ‘पहिली २०० अक्षरं’ म्हणून कापला आणि कात्री नेमकी इमोजीवर चालली. दोष तपासणीचा नाही, कापणीचा आहे.

पडताळा: एक्सएमएल १.० च्या मजकुरात चालणारे आकडे असे: ९, १०, १३, ३२ ते ५५२९५, ५७३४४ ते ६५५३३, आणि ६५५३६ ते १११४१११. या प्रत्येक सीमेवरचा आणि तिच्या लगत बाहेरचा आकडा घेऊन चाचणी लिहा. चाचणीतली अक्षरं फाईलमध्ये चिकटवू नका, आकड्यावरून कोडनेच तयार करा. काही एडिटर न दिसणारी अक्षरं जतन करतानाच गाळतात आणि चाचणी खोटी पास होते.

रेजेक्स (मजकूर जुळवून पाहण्याचा नमुना) वापरायचा असेल तर एवढं पाहा: लायब्ररीतला ‘चार’साठीचा तयार रेजेक्स एकाच अक्षरासाठी आहे, दोन्ही टोकांना बांधलेला. त्याला पूर्ण परिच्छेद दिलात तर तो नाहीच म्हणणार. पूर्ण मजकुरासाठी लायब्ररीतले तुकडे घेऊन स्वतःचा रेजेक्स बांधा, आणि युनिकोडसाठीचा ‘यू’ फ्लॅग विसरू नका.

## ३. अवैध सापडलं तर काय करायचं, हे आधीच ठरवा

तपासणी म्हणजे सफाई नव्हे. एक्सएमएलचार्स फक्त हो किंवा नाही सांगते. पुढचा निर्णय तुमचा. आणि सरसकट ‘काढून टाका’ हा सगळ्यात वाईट निर्णय आहे.

हे मी ठासून सांगतो, कारण मला ते महागात पडलं. एका दिवाळी अंकाचं ई-पुस्तक करताना मी १ ते ३१ मधली नको असलेली सगळी अक्षरं गाळून टाकली. फाईल लगेच वैध झाली. कवितांच्या ओळी मात्र एकमेकींना चिकटल्या: ओळीचा शेवटचा शब्द आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द मिळून एक. कवींनी वर्डमध्ये ओळ मोडायला शिफ्ट-एंटर वापरलं होतं, आणि स्क्रिप्टने वर्डचा मजकूर काढला की ते ११ म्हणून बाहेर येतं.

वर्डमधून मजकूर काढताना येणारे नेहमीचे पाहुणे आणि त्यांच्या जागी काय घालायचं:

- ११, म्हणजे ओळमोड: १० घाला, किंवा एक्सएचटीएमएल असेल तर ओळमोडीचा टॅग.
- १२, पान किंवा विभाग बदलण्याची खूण: नवा परिच्छेद करा.
- ७, तक्त्यातल्या कप्प्याचा शेवट: तक्ता टिकवायचा असेल तर कप्पे इथेच वेगळे करा, नाहीतर टॅब म्हणजे ९.
- ३०, न तुटणारी जोडरेघ: ८२०९.
- ३१, ऐच्छिक जोडरेघ: १७३.

बाहेरच्या इतर स्रोतांतून शून्य येतं, बहुधा ठरावीक लांबीच्या रकान्यातला भराव म्हणून. ते शेवटी असेल तर कापा. मध्येच असेल तर रकाना चुकीचा वाचला जातोय का ते पाहा. चाचण्यांच्या अहवालात २७ येतं, टर्मिनलच्या रंगांमुळे. त्याच्यामागची रंगाची पूर्ण खूणच काढा, नाहीतर कंस आणि आकडे मजकुरात उरतात. ओळखीचं नसलेलं बाकी काहीही असेल तर त्या जागी ६५५३३ घाला आणि नोंद ठेवा.

सावधान: मजकुरावर सुरक्षेची किंवा शब्दांची गाळणी लावत असाल, तर ही सफाई तिच्या आधी करा. उलट क्रमाने केलं तर मधलं न दिसणारं अक्षर शब्द तोडून गाळणीतून सटकतं, आणि नंतर तुमचीच सफाई तो शब्द पुन्हा जोडून देते.

### ‘न दिसणारं’ म्हणजे ‘नको असलेलं’ नव्हे

मराठीत काम करणाऱ्याने हे मनावर घ्यावं. ८२०४ आणि ८२०५, म्हणजे शून्य रुंदीचा विभाजक आणि जोडक, दोन्ही मजकुरात वैध आहेत आणि इजचार त्यांना हो म्हणतं. तरीही अनेकजण ‘अदृश्य अक्षरं काढा’ अशी एक जादा ओळ घालतात आणि युनिकोडचा सगळा ‘फॉरमॅट’ वर्गच उडवतात. परिणाम काय होतो? ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एक पद्धत ऱ (२३५३) घेऊन, दुसरी र, हलन्त आणि ८२०५ घेऊन. दुसऱ्या पद्धतीतून ८२०५ काढलंत की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो: डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र. शब्द बदलला, अर्थ बदलला, आणि पार्सर काहीही बोलणार नाही. कुटुंबाचे इमोजीही त्याच जोडकाने बांधलेले असतात, तेही सुटे होतात.

## ४. नावं वेगळी तपासा

मजकुरात चाललेलं अक्षर नावात चालेलच असं नाही. स्प्रेडशीटच्या शीर्षकांवरून आपोआप एलिमेंटची नावं बनवणारे कोड इथेच अडकतात: शीर्षकात जागा असते, कंस असतो, सुरुवातीला आकडा असतो.

नावाच्या पहिल्या अक्षरासाठी इजनेमस्टार्टचार, पुढच्यांसाठी इजनेमचार. पूर्ण नावासाठी तयार रेजेक्स आहे, शक्यतो तोच वापरा. रिकामी स्ट्रिंगही त्यात आपोआप पकडली जाते. नेमस्पेस वापरत असाल तर नेमस्पेसच्या मॉड्यूलमधली इजएनसीनेमस्टार्टचार आणि इजएनसीनेमचार घ्या. कारण साध्या नावात अपूर्णविराम म्हणजे कोलन वैध आहे, आणि ‘पत्ता:घर’ असं नाव साध्या तपासणीत पास होऊन पुढे ‘पत्ता’ हा न जाहीर केलेला उपसर्ग म्हणून फुटतं.

आता आवृत्त्यांचा फरक. पाचव्या आवृत्तीत ८९५ ते ८१९१ हा सगळा पट्टा नावाच्या सुरुवातीला चालतो. देवनागरी त्यात आख्खी येते: स्वर, व्यंजनं, मात्रा, आकडे, दंडसुद्धा. त्यामुळे ‘२रा’ हे नाव देवनागरी आकड्याने सुरू होऊनही वैध ठरतं. तोच आकडा रोमन असेल तर अवैध. चौथ्या आवृत्तीत याउलट एकेक अक्षर मोजून दिलेलं आहे: अ ते ह सुरुवातीला चालतात, मात्रा आणि देवनागरी आकडे फक्त पुढे चालतात, आणि यादीत नसलेलं कुठेच चालत नाही.

यादीत नाही ते नेमकं मराठीचं ॲ (२४१८). ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं, चौथ्या आवृत्तीच्या नंतर. ‘ॲप’, ‘ॲड्रेस’ अशी एलिमेंटची नावं पाचव्या आवृत्तीच्या पार्सरमध्ये चालतात आणि चौथ्याच्या पार्सरमध्ये पहिल्याच टॅगवर फाईल नाकारली जाते. ॐ ची गत तीच. नावात ८२०५ असेल तरी तेच: पाचवी घेते, चौथी नाही. डोळ्यांना सारखं दिसणारं ‘दऱ्या’ हे नाव एका टायपिंग पद्धतीत चालतं आणि दुसरीत चालत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

माझं मत स्पष्ट आहे. मराठी नावं जरूर ठेवा, पण ती चौथ्या आवृत्तीच्या रेजेक्सने तपासा. चौथ्यात पास झालेलं नाव पाचव्यातही चालतं. उलट बाजूने खात्री नाही.

पडताळा: नाव तपासण्याआधी त्याचं एनएफसी सामान्यीकरण करा, म्हणजे सुट्या तुकड्यांना युनिकोडचं जोडलेलं रूप द्या. र आणि नुक्ता असा सुटा लिहिलेला ऱ त्यात एकसंध होतो. हे न केल्यास उघडणारा आणि बंद करणारा टॅग दिसायला एक, आतून दोन असे निघू शकतात.

## ५. एस्केप शेवटी

ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. पुष्कळजण मजकूर आधी एस्केप करतात (खास अक्षरांच्या जागी संदर्भ घालतात), फाईल तयार करतात आणि मग सगळ्या फाईलवर अक्षरतपासणी चालवतात. एस्केप करणाऱ्या कोडने ११ ला आकडी संदर्भात बदललं असेल तर फाईलमध्ये आता अँपरसँड, हॅश, दोन आकडे आणि अर्धविराम आहेत. पाचही अक्षरं निर्दोष. तपासणी पास. पार्सर मात्र संदर्भ उलगडतो, आत ११ पाहतो आणि नाकारतो, कारण १.० मध्ये अवैध अक्षर आकडी संदर्भानेही आणता येत नाही. सीडेटा विभागात (जिथे टॅग आणि संदर्भ उलगडले जात नाहीत) टाकूनही येत नाही.

म्हणून क्रम ठरलेला: उलगडा, बदल करा, तपासा, मग एस्केप करा. एस्केप झाल्यावर मजकुराला पुन्हा हात लावू नका.

तीन बारीक गोष्टी. १३ वैध आहे, पण वाचताना पार्सर त्याचं १० करतो. टिकवायचंच असेल तर आकडी संदर्भाने लिहा. ॲट्रिब्यूटच्या किमतीतले ९ आणि १० तसेच ठेवलेत तर वाचताना त्यांची साधी जागा होते. तेही संदर्भाने लिहा. आणि आकडी संदर्भ बनवताना स्थानिक पद्धतीचं आकडा-रूपण वापरू नका. टूलोकेलस्ट्रिंगला मराठी-भारत हा लोकेल दिला की देवनागरी आकडे येतात, आणि संदर्भात फक्त रोमन आकडे चालतात. सर्व्हरचा लोकेल मराठी केल्यावर अचानक फुटलेल्या फाईलींचं हे एक कारण असतं.

सावधान: एचटीएमएलमधून उचललेला १४६ चा आकडी संदर्भ ब्राउझर वरच्या स्वल्पविरामासारखा दाखवतो, कारण एचटीएमएलमध्ये १२८ ते १५९ मधले बहुतेक संदर्भ विंडोज-१२५२ प्रमाणे वाचले जातात. एक्सएमएलमध्ये १४६ हे नुसतं नियंत्रण अक्षर आहे. इजचार त्याला हो म्हणेल, पण वाचकाला तिथे काहीच दिसणार नाही. अशी अक्षरं वेगळी मोजा आणि हाताने पाहा.

## ६. जागा म्हणजे कोणती जागा

एक्सएमएलच्या लेखी जागा चारच: ९, १०, १३, ३२. इजएस एवढ्यांनाच हो म्हणतं. जावास्क्रिप्टचं ट्रिम याहून बरंच काही कापतं, त्यात १६० ही न तुटणारी जागा आणि ६५२७९ (फाईलच्या सुरुवातीला येणारी अदृश्य खूण) हेही येतात. टॅगच्या आत दोन ॲट्रिब्यूटमध्ये १६० आलं तर फाईल मोडते. वेबपानावरून नमुना चिकटवला की हे घडतं.

## ७. चूक सांगताना पूर्ण सांगा

‘अवैध अक्षर सापडलं’ एवढ्याने कुणाचं काम होत नाही. नोंदीत कोड पॉइंटचा आकडा, नोंदीचा किंवा रकान्याचा क्रमांक, आणि त्या अक्षराच्या मागचा-पुढचा वीसेक अक्षरांचा मजकूर द्या. ते अक्षर स्वतः छापू नका. २७ छापलंत तर तुमच्याच टर्मिनलचे रंग बिघडतील. पहिल्या चुकीवर थांबू नका, निदान पन्नासेक गोळा करा. सगळ्या चुका ११ च्या निघाल्या तर कारण एकच आहे हे लगेच कळतं.

## ८. शेवटची खात्री खऱ्या पार्सरकडून

तयार फाईल एक्सएमएललिंट या तपासणीच्या साधनाला नोआउट पर्यायासह द्या. काही न बोलता परतला तर फाईल सुघटित आहे, म्हणजे एक्सएमएलच्या रचनेचे नियम पाळते. ‘पीसीडेटा इनव्हॅलिड चार व्हॅल्यू’ आणि पुढे आकडा आला, तर तो आकडा तिसऱ्या पायरीच्या यादीत शोधा. पण एक्सएमएललिंट लिबएक्सएमएल-२ वर चालतो, म्हणजे नावांबाबत पाचवी आवृत्ती. चौथी पाळणाऱ्या ग्राहकासाठी फाईल असेल तर पायथनच्या नेहमीच्या वाचकातूनही एकदा काढा. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर दोष जवळपास नेहमी नावात असतो, मजकुरात नाही.

मग ती फाईल परत वाचा आणि बाहेर आलेला मजकूर एस्केपआधीच्या मजकुराशी अक्षरागणिक ताडून पाहा. ताडताना लांबी सारखी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. कोड पॉइंटचे आकडे शेजारी-शेजारी ठेवा. १३ चं १० झालेलं, ॲट्रिब्यूटमधल्या ओळमोडीची जागा झालेली, हे सगळं इथेच सापडतं. चाचणीच्या नमुन्यात एक कविता, एक ‘दऱ्या’ (दोन्ही पद्धतींनी टाइप केलेला), एक ॲ, एक कुटुंबाचा इमोजी आणि वर्डमधून काढलेला एक तक्ता कायमचा ठेवा, आणि लायब्ररी किंवा डीकोडर बदलला की तोच नमुना पुन्हा चालवा.